फौजदारवहिनीचा बूट

आमच्या शेजारची वहिनी स्वतः केलेला चहासुद्धा आधी नवऱ्याला प्यायला देते आणि त्याचा चेहरा बघून मग कप उचलते. कुणी तिच्याकडे बघून हसला तर का हसला, आणि नाही हसला तर काय लपवतोय, हे तिला कळलंच पाहिजे. म्हणून गल्लीने तिला फौजदार केलंय. पगार नाही, अधिकार मात्र सगळे. तिच्या आणि माझ्या घरातली भिंत एकच, तेव्हा मी सांगते ते ऐकीव समजू नका. ते मी स्वतः भिंतीला कान लावून मिळवलेलं आहे.

घरामागे तिचा बुटांचा कारखाना. म्हणजे पत्र्याची शेड, रबर दाबायचं एक यंत्र, शिलाईच्या मशिनी आणि कोपऱ्यात एक बंद खोली. त्या खोलीत वहिनी एकटीच जाते आणि सोलचं रबर कालवते. सासऱ्यांनी ही विद्या पोटच्या लेकाला न देता सुनेला दिली. लेक म्हणजे आमचे भाऊ. माणूस लाखात एक, पण पोटात काही राहत नाही. कुणी जाता जाता "काय चाललंय?" म्हटलं, की हे खरंच काय चाललंय ते सांगायला बसतात. वहिनी म्हणते, "यांना मी भाजीत मीठ किती ते सांगते, रबरात गंधक किती ते नाही."

तिचा संशय उपजत नाही, एवढं मी तिच्या बाजूने सांगेन. सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला एक मुकादम होता. तिने त्याला धाकट्या दिरासारखं वागवलं. तो एके सकाळी कामावर आला नाही, आणि थोड्याच दिवसांत रस्त्यापलीकडे त्याचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. त्याचे बूट म्हणजे हिच्या बुटांचे सख्खे भाऊ. वहिनीने मिश्रण बदललं, खोलीला दार बसवलं, आणि दुधाने पोळलेली ही बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागली.

आमच्या भागात मुकादमाचा धरून असे सहा कारखाने, आणि सहाही जणांचे शाळेचे बूट घेणारा व्यापारी एकच. मध्ये असं झालं, की ओल लागली की सोल तोंड वासू लागले. व्यापाऱ्याने पोती भरभरून माल परत पाठवला आणि निरोप दिला, पुढच्या हंगामापर्यंत सुधारा, नाहीतर मी दुसरीकडून घेतो. त्याने दुसरीकडून घेतलं असतं तर वहिनीची शेड बंद पडली असती.

तेवढ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाई दारात आल्या. खांद्याला पिशवी, नाकावर चष्मा आणि चेहऱ्यावर हसू. शेवटची गोष्ट वहिनीने लगेच टिपली.

"तुम्ही सहा जण आणि आम्ही मिळून संशोधन करू," बाई म्हणाल्या. "सोल चिकटवायचं, ओलीत न सुटणारं सोल्युशन शोधू. सापडलं की हक्क सगळ्यांचा. ते बनवायचं इथेच आणि बाहेरगावी विकायचं. मला फक्त प्रत्येकाच्या सोलच्या रबराचा तुकडा हवा."

बाई गेल्या आणि भिंतीपलीकडे वाजलं.

"हिला काय मिळणार यातून?"

"अगं, सगळ्या भागाचं भलं होईल," भाऊ म्हणाले.

"भलं करणारी माणसं आधी घर बघून जातात. मग सामान."

नाही म्हणावं तर धंदा जातो, हो म्हणावं तर विद्या जाते. वहिनीने मधली वाट काढली. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातली रबरी चप्पल आणली, तिचा तुकडा कापला आणि तोच आपला म्हणून बाईंना दिला.

"अगं, पण मग सोल्युशन तुझ्या बुटाला कसं धरेल?" मी विचारलं.

"धरायला काय होतंय? रबर ते रबर! आणि ताई, हे तुझ्या माझ्यातच."

मी तोंडाला कुलूप लावलं. त्याची किल्ली माझ्याकडेच असते, पण ते जाऊ द्या.

बरेच महिने बाईंची खटपट चालली. अधूनमधून सहाही जणांना बोलावून त्या काय झालं ते सांगत. शेवटी सोल्युशन तयार झालं. प्रत्येकाने डबा घरी नेला, आपले बूट चिकटवले, पाण्यात बुडवले. सोल चिंध्यांसारखे सुटून आले. सहाही जण तावातावाने प्रयोगशाळेत धावले. वहिनीने मला साक्षीदार म्हणून नेलं. भाऊंना नेलं नाही. ते कोणत्या बाजूने साक्ष देतील सांगता येत नाही.

आत धूळ चालत नाही, म्हणून दाराबाहेर पायातलं काढायचं आणि तिथल्या सपाता घालायच्या. आम्ही आत गेलो आणि सगळ्यांनी एकदम तोंड सोडलं. बाईंनी शांतपणे टेबलावर सहा तुकडे मांडले.

"तुम्हीच दिलेले. आठवडाभर पाण्यात होते. ओढा."

मुकादमाने ओढला. निघेना. दोघांनी मिळून ओढला, तरी निघेना.

"मला तर बरं वाटलं होतं," बाई म्हणाल्या, "सहाही कारखान्यांचं रबर अगदी एकसारखं निघालं. म्हटलं, काम सोपं झालं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर सहा चंद्र उगवले होते! कुणी छताकडे बघतंय, कुणी नखं बघतंय. तुकडे दिले त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या चपला का संपल्या, ते मला तेव्हा कळलं.

बाईंनाही कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे इतके महिने मी चपलेवर संशोधन केलं. हंगामाच्या आत पुन्हा करायचं तर खरा तुकडा आज हवा. नसेल द्यायचा तर सांगा, मी काम इथेच थांबवते."

"आधी वहिनींनी द्यावा," मुकादम म्हणाला. "मोठ्या आहेत."

"घेऊन गेलास तेव्हा नाही आठवलं, मोठी आहे ते?"

आणि ती तडक उठून दाराबाहेर गेली. मला वाटलं, चालली घरी. मी मागे धावले. बाहेर सगळ्यांचे बूट ओळीने ठेवलेले, आणि जो तो आपल्याच कारखान्याचा बूट घालणारा. वहिनीने आपला बूट उचलला, उजेडात उलटा धरला आणि टाचेवरून, कडेवरून बोट फिरवू लागली.

"काय हरवलंय?"

"हरवलंय का, तेच बघतेय."

पात्याने कापल्याची एकही खूण सापडली नाही. बूट हातात घेऊन ती आत आली.

"बाई, दर खेपेला आमचे बूट तासन्‌तास बाहेर उघड्यावर असतात. खरं रबर तिथेच होतं. नखाएवढा तुकडा कापून घ्यावा, असं वाटलं नाही?"

"मला खोटं दिलंय हे मला कुठे ठाऊक होतं?"

"म्हणजे ठाऊक असतं तर कापला असतात!"

"मागितला असता. आता मागतेच आहे ना?"

वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मागे बाकीचे पाच जण एकेक करून बाहेर पळत होते, आपापले बूट उलटे करायला. मग तिने बूट टेबलावर ठेवला.

"हा घ्या. डावा. उजवा माझ्याजवळ राहील."

घरी येताना तिच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात प्रयोगशाळेची सपात. तिच्यामागोमाग मुकादमानेही दिला, मग सगळ्यांनीच दिले.

पण फौजदाराला झोप कुठली? चार दिवसांनी मला म्हणते, "ताई, तू कुणाच्याही पोटातलं काढतेस. जा, बाईंकडून माझं रबर काढून दाखव."

मी गेले. आधी हवापाण्याचं बोलले, मग बाईंच्या तब्येतीचं, मग हळूच म्हटलं, "आमच्या वहिनीच्या रबरात असं असतं तरी काय हो?"

बाई हसल्या. "तुम्ही विचारलंत, हे त्यांना कळवू का?"

मी उलट पावली घरी.

"काहीच नाही सांगितलं?" वहिनी म्हणाली. "की सांगितलं, आणि तू मला सांगत नाहीस?"

दुसऱ्या खेपेला सोल्युशनने धरलं. हंगामाच्या तोंडावर व्यापारी स्वतः आला. वहिनीचा भिजवलेला बूट त्याने पकडीत धरून ओढला. वरचं कातडं फाटलं, पण सोल जागचा हलला नाही. त्याने तिथेच पुढच्या मालाचं पक्कं केलं. वहिनी पाठ फिरवून यंत्राची धूळ पुसत बसली. यंत्रावर धूळ नव्हती.

सोल्युशन मिळून बनवायच्या करारावर सह्या कॉलेजात झाल्या. वहिनीने एकेक ओळ मोठ्याने वाचून घेतली, मागची कोरी बाजूसुद्धा तपासली. शेजारी बसलेल्या मुकादमाने अदबीने आपलं पेन पुढे केलं.

"घ्या, वहिनी."

तिने पेनाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"राहू दे. तुझी शाई उडून गेली तर?"

मग पर्समधून स्वतःचं पेन काढून तिने सही केली, आणि कागद त्याच्यापुढे सरकवताना एक बोट आपल्या सहीवर दाबून धरलं.