उजवा का डावा

आख्ख्या जाफराबाद तालुक्यात पुढाऱ्यांच्या प्रत्येक शब्दावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही बाकीचे सभेला जायचो ते घटकाभर करमणूक म्हणून. हा गृहस्थ जायचा ड्यूटीवर. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उभी हयात गेलेली, रिटायर होऊन सात-आठ वर्षं झालेली, पण बाजारतळावर मांडव पडला की हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत हजर. मांडीवर रेग्झिनची पिशवी. तिच्यात कापूस, पट्ट्या, टिंक्चर, चिकटपट्टी आणि जखमेचा कापूस टाकायचा, काजूच्या आकाराचा स्टीलचा ट्रे. हा ट्रे त्यांनी निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ परत करून दवाखान्याकडून मागून घेतलेला होता. गावानं त्यांचं नाव कधीच टाकून दिलं होतं; लहानथोर सगळे त्यांना कंपाउंडर म्हणत, आणि मी शेजारधर्म म्हणून मागे 'साहेब' जोडत असे.

एकदा बाहेरून आलेल्या एका वक्त्यानं, हा अन्याय असाच चालू राहिला तर या मातीत रक्ताचे पाट वाहतील, असं मुठी आवळून सांगितलं. टाळ्या थांबायच्या आत कंपाउंडर उठले आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराला विचारू लागले, की बाजारतळाचा उतार तर नाल्याकडं आहे, मग मी माझं बाकडं कुठल्या अंगाला टाकू? हवालदारानं त्यांना चहा पाजून परत बसवलं. दुसऱ्या एका सभेत एका उमेदवारानं विरोधकांचे डोळे काढून हातात देण्याची भाषा केली. सभा संपल्यावर हे थेट मंचाच्या पायरीशी. "साहेब, डोळ्याचं काम माझ्याकडं होत न्हाई. जालन्याला न्यावं लागंल. गाडीचा खर्चा कोण करणार, तेवढं आत्ताच बोलून घ्या." उमेदवार हसला, कार्यकर्ते हसले, आणि खरं सांगतो, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. 'घरात घुसून मारू' ही घोषणा गावात आली तेव्हा त्यांनी दारावर पाटी लावली: 'येथे मलमपट्टी मोफत. चपला बाहेर काढाव्यात.' घुसणाऱ्यांनीही चपला काढाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती.

हा स्वभाव आजचा नव्हे. वहिनी होत्या तेव्हा त्या वैतागून 'जीव घेता का माझा' म्हणाल्या की हे त्यांचं मनगट धरून नाडी मोजत बसायचे. 'डोकं फुटायची वेळ आली' म्हटलं की बामची बाटली हजर. वहिनी कपाळाला हात लावायच्या, आणि त्या कपाळाला का हात लावतात हेसुद्धा हे विचारायचे. मग वहिनी गेल्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात बोलणारं कुणी उरलं नाही. मला कधीकधी वाटायचं, हा माणूस जखमा शोधायला सभेला जात नसावाच; कुणाचं तरी बोलणं कानावर पडावं म्हणून जात असावा. पण तिथंही त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहत. ट्रे घेऊन बसलेल्या माणसाशेजारी बसायला लोकांना कसंसंच व्हायचं.

त्या ट्रेचा एक कायदा होता. नोकरीत असताना बांधावरून भावाभावांची डोकी फुटायची आणि दोघंही दवाखान्यात यायचे. कंपाउंडर टाके घालणाऱ्या डॉक्टरांशेजारी ट्रे धरायला दगड मारणाऱ्यालाच उभं करायचे. रक्तानं माखलेला कापूस त्यात पडायचा, आणि बऱ्याचदा मार खाल्लेल्याच्या आधी मारणाराच चक्कर येऊन पडायचा. मी एकदा विचारलं, हा काय छळ? तर म्हणाले, "छळ न्हाई सर. ज्यानं मारलं त्यानं ट्रे धरला की पुढच्या टायमाला दगड उचलताना त्याला वजन लागतं."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. सांगायला जड जातंय, पण सांगतो. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि गावातल्या सभांचं सूत्रसंचालन माझ्याकडं आलं. सूत्रसंचालनातून हळूहळू आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो, भाषणासाठी वाक्यं पुरवू लागलो. साहेबांचा आवाज दणदणीत, पण वाक्य त्यांना सुचत नसे. वर्गातल्या पोरांनी माझ्या अलंकारांवर जांभया दिल्या होत्या. इथं त्याच अलंकारांवर हजारो माणसं शिट्ट्या मारत होती. मला चढली. खोटं कशाला बोलू? निवडणूक तापली तेव्हा मी एक वाक्य घडवलं: जो हात त्यांचा झेंडा धरील, तो कोपरापासून उतरवल्याशिवाय आम्ही घास घेणार नाही. आरामखुर्चीत बसून मी ते चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, कोणता हात? उजवा का डावा?"

मी म्हटलं, "कोणताही, कंपाउंडरसाहेब. उजवा-डावा घातलं की लय मोडते."

पलीकडं स्टीलचा ट्रे खणखणला. मग म्हणाले, "बरं. दोन्हींची तयारी ठेवतो."

साहेबांनी ते वाक्य असं फेकलं की मांडव हलला. त्या संध्याकाळी मी घरी जिलेबी आणली, कंपाउंडरकडंही द्रोण पाठवला. चौथ्या दिवशी भर दुपारी भोकरदनच्या रस्त्यावर चौघांनी सांडूची जीप अडवली. सांडू म्हणजे जाफराबादहून भोकरदनमार्गे धावड्यापर्यंत सीटा भरणारा साधा जीपवाला. त्याच्या जीपला समोरच्या पक्षाचा झेंडा होता, कारण मागच्या दाराची कडी तुटली होती आणि त्या झेंड्याची काठी दाराला अडणा म्हणून बराबर बसत होती. बिचाऱ्याला पक्षाचं चिन्हसुद्धा नीट सांगता आलं नसतं. चौघांनी त्याच्याच जीपमधली जॅकची सळई घेतली आणि आमच्या साहेबांचं वाक्य म्हणत म्हणत त्याचा हात बॉनेटवर ठेचला.

जालन्याला ऑपरेशन झालं. पुढची मलमपट्टी दर तिसऱ्या दिवशी कंपाउंडरकडं व्हायची ठरली. पण पहिली पट्टी सोडण्याआधी कंपाउंडर ट्रे घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले. मी तिथंच बसलो होतो. त्यांनी अदबीनं नमस्कार करून सांगितलं, की उद्या दहा वाजता ड्रेसिंग आहे, तुम्ही ट्रे धरायला या, पाच मिनिटांचं काम आहे. साहेब माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, अहो, भाषणाची भाषा असती ती, लोकांना बी कळतं.

"चौघांला न्हाई कळली, साहेब," कंपाउंडर म्हणाले.

साहेब आले नाहीत. त्यांच्याकडून पट्ट्यांचे दोन खोके आले, प्रत्येक पाकिटावर साहेबांचा हसरा फोटो. कंपाउंडरनं अख्खी सकाळ बसून ते फोटो नखानं खरवडून काढले. दहाला पाच मिनिटं असताना ते माझ्या दारात उभे राहिले. रागावलेले नव्हते. रोगी यादीप्रमाणं आत बोलवावा तसे बोलले. "उजवा निघाला, सर. चला, ट्रे धरायला."

दीड महिना मी ट्रे धरला. त्या हाताचं वर्णन मी करणार नाही. वर्णनं पुष्कळ करून झाली. सांडू खिडकीकडं बघत बसायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि मी दर खेपेला ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दर खेपेला न सांगता ट्रे धुऊन परत यायचो. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला मी, पण तेवढं एक वाक्य तोंडातून निघेना. शेवटच्या पट्टीच्या दिवशी कंपाउंडर मुद्दाम चहा टाकायला आत गेले. मी म्हणालो, "सांडू, ते वाक्य माझं होतं."

"मला ठावंय सर. कंपाउंडरनं पहिल्याच दिवशी सांगितल्तं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तं तुमी यायचं बंद केलं असतं," तो म्हणाला. "बाकी कोण आलं, सांगा. तुमचे साहेब आले न्हाई. ज्यांचा झेंडा व्हता तेबी आले न्हाई. तुमी एकलेच येत व्हते."

मी ट्रे तसाच धरून उभा राहिलो. आतून कंपाउंडरनं विचारलं, साखर किती घालू? कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी चहा बिनसाखरेचाच आणला, आणि आम्ही तिघांनी तो प्यायला.

त्यानंतर मी माइक सोडला. साहेबांना दुसरा लिहिणारा मिळाला. माझ्यापेक्षा तिखट लिहितो म्हणतात. गेल्या दिवाळीत मुलगी येऊन कंपाउंडरना पुण्याला घेऊन गेली. पिशवी सोबत नेली, ट्रे माझ्याकडं देऊन गेले. सातव्या मजल्यावर दिवसभर टीव्ही चालू असतो, आणि त्या टीव्हीवर इतके लोक इतक्या लोकांना कापायचं म्हणत असतात, की एवढा कापूस आणायचा कुठून या काळजीनं त्यांना झोप लागत नाही, असं मुलगी सांगते. तिनं आता बातम्या बंद केल्यात. तेव्हापासून घरात पुन्हा कुणाचा आवाज नाही.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "बोटं वाकायला लागली का?" मी सांगतो, अंगठा वाकतो, दोन बोटं वाकत नाहीत. मग सांगतो, की मी दिवसाआड सांडूच्या जीपमध्ये बसून भोकरदनला जाऊन येतो, काम काही नसतं, पण मागचं दार आता काठीऐवजी दोरीनं बांधावं लागतं आणि गाठ मारायला दोन हात लागतात. ते "बराबर" म्हणतात. मग विचारतात, ट्रे कुठंय. मी म्हणतो, धुऊन ठेवलाय. यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही, पण फोन दोघंही ठेवत नाही.

त्यांच्या घराला कुलूप आहे. 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी तशीच आहे. दुपारी आरामखुर्चीत बसलो की सवयीनं एखादं वाक्य अजूनही तोंडात येतं, चांगलं घोटीव, टाळीचं. मी ते भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणतो आणि पलीकडून कुणी काही विचारतंय का म्हणून थांबतो. कुणी विचारत नाही. मग मीच विचारतो, उजवा का डावा, आणि ते वाक्य सोडून देतो.