नापास काचा

तपासनीस साहेबांनी मी काढलेल्या फोटोची काच उचलली, खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि विचारलं, "ही कोण?"

"माझी आत्या."

"तुझी आत्या कोण विकत घेणार?"

पलीकडच्या टेबलावरचा कारकून उठून बघायला आला. काचेवर सगळं उलटं उमटतं. काळं ते पांढरं दिसतं, पांढरं ते काळं. त्यानं आत्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "इथं तरी गोरी झाली बिचारी."

दोघं हसले. साहेबांनी काच टेबलावर ठेवली. दौतीशेजारी दाभण होतं. ते उचलून त्यांनी काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. मग उलट्या बाजूनं दुसरी. दोन्ही रेघा आत्याच्या तोंडावर एकमेकींना छेदून गेल्या. काचेवरच्या थराचा भुगा निघाला. साहेबांनी तो फुंकून उडवला.

"डाग आहेत," ते म्हणाले. "धुताना पाण्याची कंजुषी करू नये."

"हो साहेब," मी म्हणालो.

मी रागावलो नाही. दुःखही झालं नाही. हाताला मुंग्या येतात तसं अंगभर झालं होतं. मी काच फडक्यात गुंडाळली आणि पुढची त्यांच्या हातात दिली.

ही मुंबईतल्या कोट भागातली चित्रकार्डांची कंपनी. तेव्हा साहेब लोक विलायतेला कार्डं धाडत. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला चित्र. किल्ले, घाट, हत्ती, बायका. ही चित्रं कंपनी ठिकठिकाणच्या फोटोवाल्यांकडून विकत घेई. फोटोवाल्यानं काच पाठवायची, कंपनीनं तपासायची. पास झाली तर कंपनी ठेवून घेई. नापास झाली तर फुली मारून परत. फुली मारायची ती अशासाठी, की तीच काच पुन्हा कंपनीकडे येऊ नये आणि दुसऱ्या कुणाला विकताही येऊ नये. पसंत नसलेलं चित्रही माझं राहत नव्हतं.

मी जव्हार संस्थानातला. घर जामसरला. भात आणि नाचणी पिकवणारी आम्ही माणसं. दरबारच्या फोटोवाल्याकडे मी नोकरीला लागलो ते ओझी उचलायला. तिथं कॅमेऱ्याची तिपाई लावायला, काचा धुवायला आणि शेवटी फोटो काढायला शिकलो. तो फोटोवाला नाशकाला परत गेला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा माझ्याकडे राहिला. कंपनीचं नाव त्यानंच सांगितलं. म्हणाला, "तुमच्या डोंगरातलं कुणी पाठवत नाही. तू पाठव."

मी पाठवू लागलो. काचा भाताच्या तुसात पुरून खोक्यात भरायच्या. खोकं बैलगाडीनं घाट उतरून रेल्वेपर्यंत न्यायचं. मग वाट बघायची. खोकं परत आलं की आधी वजनावरून अंदाज घ्यायचा. जड असलं म्हणजे बहुतेक काचा परत आल्या.

प्रत्येक परत आलेल्या काचेच्या कडेला कागदाची चिठ्ठी डकवलेली असे. तिच्यावर कारण.

जव्हारजवळच्या शिरपामाळाचा फोटो परत आला. कारण: माणूस नाही, त्यामुळे जागा ओस वाटते. मी पुन्हा गेलो. वाटेनं जाणाऱ्या एका गुराख्याला उभा केला. तो बराच वेळ न हलता उभा राहिला. फोटो परत आला. कारण: माणूस मध्ये आल्यानं देखावा बिघडला.

जामसरला भातलावणीच्या बायकांच्या दोन काचा एकामागून एक काढल्या. पहिलीत सगळ्या जणी स्थिर. दुसरीच्या वेळी जळू चावली म्हणून एक ओरडली, सगळ्या हसल्या आणि सगळ्याच हलल्या. दोन्ही पाठवल्या. पहिली परत आली. कारण: हालले आहे. दुसरी पास झाली.

मला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. मग वाटलं, नाही, यात काहीतरी नियम आहे. मला तो कळत नाही. मी डोंगरातला, फार शिकलेलो नाही. साहेबांना दिसतं ते मला दिसत नाही.

पुढे लुगडं धुतलेलं म्हणून फोटो नापास झाला. नंतर मळलेलं म्हणून. पोराच्या अंगावर सदरा होता म्हणून एक. पोर उघडं होतं म्हणून एक. प्रत्येक चिठ्ठी मी खरी मानली. एका चिठ्ठीनं सांगितलं ते पुढच्या वेळी केलं, आणि त्याच गोष्टीसाठी दुसरी चिठ्ठी आली. माणसांना मी आज असं उभं राहा म्हणायचो, उद्या तसं. जामसरची माझी वहिनी एकदा म्हणाली, "भावजी, तुमचा साहेब काय खातो ते तरी सांगा. त्याला आमचं काहीच पचत नाय."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला तेव्हा साहेबांची बाजू बरोबर वाटत होती.

आत्याचा तो फोटो सूर्यमाळचा. तिथं ती दिलेली. उन्हाळ्यात सूर्यमाळच्या पाड्यांवर पाणी नसतं. उतारावर झरा आहे. त्यात पाणी वर येईपर्यंत बसून राहायचं, आलं की करवंटीनं हंड्यात भरायचं. पुन्हा बसायचं. आत्या अशी झऱ्याशी बसली होती. हातात करवंटी, नजर पाण्यावर. कुणीही सांगितलं नव्हतं, तरी ती हलत नव्हती. पाणी गढूळ होऊ नये म्हणून माणूस तसाच बसतो. मी भिंगावरचं झाकण काढलं, आकडे मोजले, झाकण लावलं.

काच तिच्याच घरात धुतली. कांबळी टांगून अंधार केला. काच धुवायला पाणी फार लागतं. आत्यानं भरून आणलेला हंडा माझ्यापुढे ठेवला.

"आते, हे प्यायचं हाये."

"धू. पिऊ उद्या."

त्या पाण्याचे डाग होते. नियम समोरासमोर कळेल म्हणून त्या खेपेला काचा मी स्वतः मुंबईला नेल्या होत्या; साहेबांसमोर उभा असताना मला हे आठवलं. मी सांगितलं नाही. त्या खोलीत सांगावं असं ते नव्हतं.

त्या दिवशी आणलेल्या सगळ्या काचांवर फुल्या झाल्या. शेवटी साहेब खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "तुमच्या मोखाड्याला मुखवटे घालून नाचतात, ते खरं का?"

"बोहाडा. खरं आहे."

"त्याचा फोटो कुणी आणलेला नाही. मी येतो. माझ्यासमोर काढ. मनासारखा झाला तर कंपनी तुला कायमचा ठेवील. काचा, रसायनं, सगळं कंपनीचं. पुन्हा तपासणी नाही."

पुन्हा तपासणी नाही. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एवढंच होतं.

साहेब बोहाड्याला आले. बैलांच्या दमणीतून आले, बरोबर तो कारकून. त्यांनी नव्या काचांचं खोकं आणलं होतं. पाटलांच्या ओट्यावर त्यांना खुर्ची दिली.

बोहाड्यात प्रत्येक सोंग ठरलेल्या घराचं असतं. एका घरी गणपती, एका घरी वेताळ. देवीचं सोंग माझ्या आत्याच्या सासरचं; ती माणसं मूळची मोखाड्याची, बोहाड्याला इथल्या जुन्या घरी येत. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, ते सोंग घेई. सोंगं मशालींच्या उजेडात निघतात, तेव्हा फोटो येत नाही. पण शेवटच्या दिवशी देवी आणि म्हैसासुराची लढाई सकाळपर्यंत चालते. उजाडल्यावर म्हैसासुर पडतो, आणि देवी ओवाळून घ्यायला उभी राहते. संबळ थांबतो. तेवढाच वेळ सगळं स्थिर असतं. फोटो काढायचा तर तेव्हाच.

मी तिपाई लावून ठेवली होती. उन्हं माळावर आली होती. देवी थांबली. आत्या ताट घेऊन पुढे आली. तिनं देवीचे पाय धुतले, त्यावर कुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. ते पाय तिच्या मुलाचे होते. पण मुखवटा बांधला की देवीला देवळात पोचवून तो उतरवेपर्यंत तो तिचा मुलगा नसतो. त्या वेळात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. बायकोही नाही.

मी काळ्या कापडाखाली होतो. सगळं नीट दिसत होतं. बाहेर येऊन झाकणाला हात घातला, तेवढ्यात साहेब खुर्चीतून उठून शेजारी आले.

"थांब. त्याला मुखवटा वर करायला सांग."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मुखवटा कपाळावर, खाली माणसाचं तोंड. लोकांना कळायला हवं की आत असला माणूस आहे. आणि त्या बाईला बाजूला कर."

"आत्ता नाही होत, साहेब. देवळात गेल्यावर उतरेल."

"देवळात उजेड आहे?"

"नाही."

"मग सांग ना. तुझा भाऊ आहे म्हणालास."

"आत्ता भाऊ नाही."

"मग कोण आहे?"

"देवी."

कारकून खाली मान घालून हसला. साहेब मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मग देवीला सांग. तुझं कायमचं काम आहे यात. असा फोटो पास होईल. तसा होणार नाही. नियम आहे."

नियम आहे, असं ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतके दिवस मी ज्या नियमासाठी झुरत होतो, तो या माणसाच्या तोंडातून बाहेर पडत होता, आणि तो आत्ता, उभ्या उभ्या, बनत होता. ओट्यावर बसले असते तर वेगळा बनला असता. उन्हं तिरपी असती तर वेगळा. हललेल्या बायका पास झाल्या तेव्हाही तो असाच बनला होता. मला कळत नव्हता कारण कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकच गोष्ट दर वेळी सारखी होती. दाभण त्यांच्या हातात होतं.

साहेब स्वतःच पुढे निघाले. देवीसमोर जाऊन त्यांनी मुखवट्याकडे हात उचलला. संबळवाला उभा राहिला. माणसं पुढे सरकली.

आत्या गुडघ्यांवरून उठली. आवाज चढवला नाही.

"हात नको लावू, बाबा. तोंड बघायचं ना? दुपारी जेवायला ये. पोटभर बघ."

साहेबांचा हात खाली आला. ते माझ्याकडे वळले. "ही काय म्हणते, ऐकलंस?"

"हात लावू नका म्हणते."

"तू काय म्हणतोस?"

"मी पण तेच म्हणतो."

"मी सांगतो तसा फोटो काढणार आहेस की नाही?"

"नाही."

एवढंच बोललो. आवाज माझाच होता, पण कुणी शेजारी उभं राहून बोलावं तसा मला ऐकू आला.

"मग काचा काढ. कंपनीच्या आहेत."

मी कॅमेऱ्यातली काच काढून खोक्यात ठेवली. खोकं कारकुनाच्या हातात दिलं. माझी स्वतःची एकही काच तेव्हा माझ्याकडे नव्हती. देवी समोर उभी होती, ऊन तिच्या मुखवट्यावर होतं, आणि माझा कॅमेरा रिकामा होता. संबळ सुरू झाला. देवी देवळाकडे वळली. तो फोटो निघाला नाही.

साहेब उन्हं चढायच्या आत गेले.

दुपारी आतेभाऊ माझ्या शेजारी जेवायला बसला. मुखवट्याच्या दोरीचे वळ गालांवर होते. त्यानं विचारलं, "दादा, तो काय मागत होता?"

"तुझं तोंड बघायचं होतं त्याला."

"मग थांबला का नाय? एवढं कायी वाईट नाय माझं तोंड."

आत्या भात वाढत होती. म्हणाली, "मुखवट्याखाली कुणाचंही तोंड चाललं असतं त्याला. त्याला तू कुठं हवा होतास."

मी जेवलो. रडलो नाही, आणि कुणी समजूत घातली नाही. घालण्यासारखं काही नव्हतं. कायमचं काम गेलं होतं. कॅमेऱ्यात घालायला काच नव्हती. पावसाळा जवळ येत होता आणि जामसरला भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता. मी घरी गेलो आणि ते काम केलं.

कंपनीचं पत्र नंतर आलं. पूर्वीप्रमाणे काचा पाठवाव्यात, योग्य त्या स्वीकारल्या जातील. मोखाड्याचं त्यात काही नव्हतं. जणू तिथं काही घडलंच नव्हतं. मी उत्तर दिलं नाही.

फोटो मी काढतो. जंगलात लाकूडतोडीला जातो आणि त्या मजुरीतून काचा घेतो. वर्षाला थोड्याच मिळतात, म्हणून थोडेच काढतो. ज्याचा काढायचा त्याला आधी विचारतो. नाही म्हणाला तर तिपाई मिटून पुढे जातो. हो म्हणाला तर त्यानं कसं उभं राहायचं ते मी सांगत नाही. छापलेलं चित्र त्याच्या घरी जातं. घाट उतरून एकही काच जात नाही.

जाणारही नाही. दुसरी कंपनी येईल, गोड बोलेल, काचा फुकट देईल. तिलाही नाही. आमचा माणूस पास की नापास, हे ठरवायला मी कुणापुढे त्याला धरणार नाही. आणि ते मीही ठरवणार नाही.