चाकाच्या खुर्चीवरून नांदेडचा घाट

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मालक गेल्यापासून जळकोटजवळच्या गावात आम्ही दोघीच राहतो. मागं त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आन् घरात चाकाची खुर्ची आली. तवापासून त्यांचं एकच म्हणणं, "सुमन, एकदा गंगेच्या पाण्यात हात घालू दे." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. भाचीनं फोनवर फोटो दावला, नांदेडच्या एका घाटावर पायऱ्यांच्या मधी खुर्चीसाठी उतार केलाय. म्हणलं, चला.

सकाळची एसटी धरा, गर्दी कमी असती. खुर्ची घडी करून शिटामागं ठेवता येती. कंडक्टर म्हणला, "मावशी, खुर्चीचं तिकीट?"

मी म्हणलं, "बाईमाणूस हाय ती, अर्धंच फाड."

गाडीतले सगळे हसले. लोह्याला च्या प्यालो, संगं भाकरी आन् शेंगाची चटणी होतीच. नांदेडच्या स्टँडवर रिक्षावाल्याला खुर्ची आधी दावा, मग भाडं ठरवा. नसता नंतर कुरकूर करतो.

घाटावर गेलो तर फोटोत न दिसलेलं दिसलं. पायऱ्या जेवढ्या खड्या, उतार बी तेवढाच खडा. पायऱ्यांवरच सिमेंटच्या दोन पट्ट्या वतल्यात, चाकापुरत्या. ढकलणाऱ्यानं मधल्या पायऱ्यांवरून उतरायचं. धरायला कठडा न्हाई. लोक त्याच्यावरूनच मोटारसायकली खाली नेऊन धुतात, त्याचं तेल सांडून खालचं अंग तुळतुळीत झालेलं.

फुलं इकणारी बाई म्हणली, "बाई, खुर्ची उलटी करा. पाठ पाण्याकडं. तुम्ही खालून धरा, आन् एखाद्या गड्याला हाक मारा."

अक्का बी म्हणल्या, "उलटीच ने गं. मला भ्या वाटलालंय."

आमच्यात देवळातून निघताना बी देवाला पाठ दावत न्हाईत, मागं मागं सरत निघतात. त्यात माझी जीभ. म्हणलं, "अक्का, एवढ्या लांबून गंगेच्या दारी आलाव, आन् पाठ दावत जाताव व्हय? तुमच्या सासूला बी अशीच दावली असंल, म्हणून ती बोलत नव्हती."

अक्का लई हसल्या. डोळे पुसत म्हणल्या, "बरं बाई, सरळ ने."

गड्याला हाक मारली न्हाई. वाटलं, मी हाय की.

चार-पाच पायऱ्या नीट गेलो. मग अक्कांचं अंग पुढं कललं, माझा पाय सरकला आन् हातातल्या मुठी सुटल्या. खुर्ची पट्टीवरून निसटून आडवी झाली. पडताना अक्कांनी उजवा हात टेकला. चालता तेवढाच हात होता त्यांचा. पाणी तिथून चार पायऱ्यांवर होतं. लोकांनी उचलून वर आणलं, तसंच दवाखान्यात गेलो.

मनगट मोडलं होतं. पलस्तर घालणारा म्हणला, "मावशी, एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. दोन्हीकडं कठडा. तसा नसंल तर जाऊच नये."

तुम्ही कुणाला घेऊन जाणार असलाव तर फोटोवर जाऊ नका. आधी एकट्यानं वरून उतरून बघा. आपल्यालाच भ्या वाटलं तर खुर्ची वरच ठेवा. पाणी तांब्यात घालून वर आणता येतं. एवढं साधं, पण मला तवा सुचलं न्हाई.

पलस्तर काढायला लातूरला गेलो. तिथल्या दवाखान्याचा उतार लांब, सोपा, कठड्याचा. तरी उतरताना मी न विचारता खुर्ची उलटी केली.

आता घरी हाव. हात पहिल्यावानी मिटत न्हाई, घास मीच भरवते. भेटायला बाया आल्या की अक्का सांगतात, "खुर्चीचा ब्रेकच लागला न्हाई बघा."

ब्रेक चांगला हाय. मी तिथंच बसलेली असते, आन् गप ऱ्हाते.