गरम पाण्यातली बोटं

सौंसरहून शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा मी पांढुर्ण्याच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एका पेशंटचा गुडघा वाकवत होते. "कुसुमबाई गेल्या वो... चहा घेता घेताच." खरं सांगते, आधी रागच आला. आदल्या रविवारीच ही माझी मावशी म्हणाली होती, "मले काय धाड भरली?" तब्येतीबद्दल तिच्या तोंडून खरं कधी निघालंच नाही.

शाळेतून रिटायर झालेली, काका गेल्यावर सौंसरच्या घरात एकटी राहणारी. संधिवातानं बोटं आखडू लागली, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांध्यांत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि काम माझ्यावर सोपवलं. बोटं किती वाकतात ते कोनमापकानं मोजून कळवायचं. त्यावरून पुढच्या इंजेक्शनचं ठरणार. हात शेकायच्या आधी मोजायचं, हे तिला सांगून सांगून माझा घसा बसला. पण मी बसनं पोचेपर्यंत बाईसाहेब गरम पाण्याच्या पातेल्यात, तिच्या भाषेत गंजात, हात बुडवून तयार. "मोज आता. पाह्य, कशी मूठ मिटून राहिली!"

मिटायचीच; शेकलेली बोटं तेवढ्यापुरती सैल होतातच. आकडे सुरेख यायचे. "मावशी, हे तुझ्या बोटांचं माप नाही, पाण्याचं आहे," मी ओरडायचे. ती शांतपणे संत्रं पुढे करायची. "तूच सोल अन् तूच खा. मले आता संत्रं आवडत नाही." संत्र्यांच्या सौंसरात राहून!

शेवटी वैतागून मी जवळच्याच रामाकोन्याला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळीच, न कळवता, तिच्या दारात उभी राहिले. आतून कडी नुसती वाजत राहिली. "येऊन राहिली न वो, थांब जराशी!" बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिच्या हातात लाटणं होतं. कडी तिनं लाटण्यानंच ढकलली होती. मी उंबऱ्यावरच तिचा हात धरला. बोटं अर्ध्यावरच अडत होती.

"काहून लपवत होती तू?"

"तू डॉक्टरले सांगशील, ते विनूले कळन, अन् तो मले पुण्याले नेईन." विनू तिचा मुलगा. "तिथं बंद दाराआड मी कोणाशी बोलू वो?..."

मी तिच्यासमोरच दोघांना फोन लावले. डॉक्टरांना खरे कोन सांगितले. विनूला म्हटलं, बोटं आखडलीत, उपचार बाकी आहेत, पण मावशी इथंच राहील. तू फक्त दाराची कडी बदलून दे. मावशी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या इंजेक्शननंतर बोटं बरीच सैलावली. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी मी गेले की गंज तयारच! "सवय लागली वो," म्हणायची. मी कपाळाला हात लावायचे.

ती गेली ती त्याच घरात, तिच्या मनासारखी.

तेरवी झाल्यावर विनू आणि मी स्वयंपाकघर आवरत होतो. त्यानं तुरीच्या डाळीचा डबा झाकणाला धरून उचलला आणि डाळ सगळीकडे पसरली. झाकण फिरवून लावलेलंच नव्हतं. शेजारची बरणी पाहिली, त्यापलीकडची पाहिली... सगळी झाकणं नुसती वर ठेवलेली. साखरेत मुंग्या. म्हणजे तो गंज नुसत्या सवयीचा नव्हता; बोटं पुन्हा आखडली होती.

"एका शब्दानं सांगता येत नव्हतं आईला?" विनू खाली बसून डाळ गोळा करू लागला. माझाही संताप झाला होता. डाळ पाखडून डब्यात भरली, वर झाकण ठेवलं. ते घट्ट फिरवायला हात गेला... आणि मी ते तसंच राहू दिलं.