चौरंगावरचा टाइपरायटर आणि माझा उजवा हात

परवा सांगलीत भाचीकडे गेले आणि डोकंच फिरलं. पोरीच्या मनगटाला पट्टा, लॅपटॉप उंच डायनिंग टेबलावर, आणि त्यावरच्या व्हिडिओत एक गृहस्थ लोकांच्या माना कडाकड वाजवतायत.

"कायरोप्रॅक्टर आहे, आत्या. मीपण अपॉइंटमेंट घेणार आहे."

तिच्या वयाची असताना माझाही हात असाच गेला होता. तिला सांगायला बसले, तर तिला मीटिंग होती… म्हणून तुम्हाला सांगते.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. वडील गेल्यावर आई, धाकटा भाऊ आणि मी वाईहून सांगलीला आलो ते माझ्या नोकरीसाठी. हळदीच्या एका पेढीवर शेठना परदेशी पत्रं टाइप करणारं कुणीतरी हवं होतं, आणि माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं.

वर्षभरात उजवं मनगट असं दुखायला लागलं की सकाळी वेणी घालता येईना. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि महिनाभर विश्रांती घ्या म्हणाले. सल्ला बरोबरच होता हो… पण विश्रांती देणार कोण?

शेठ वाईट नव्हते, फक्त व्यापारी होते. म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघतो. नाहीतर मिरजेच्या एका मुलाचा अर्ज आलाय." मुलग्यांची मनगटं लोखंडाची असतात, असा सगळ्या पेढीचा समज होता. घरी चूल माझ्या पगारावर पेटत होती. आईला मी काही बोललेच नाही.

अशात एके दिवशी कुंडलचे वस्ताद आले. जुने पैलवान, घरची बागायत, आवाज असा की रस्त्यावरची माणसं आत डोकावत. जमिनीखालच्या पेवात साठवलेली हळद काढून ते विकायला आणत, आणि गावात निखळलेले सांधेही बसवत. याचा त्यांना भारी गर्व होता आणि तो ते लपवत नसत.

तेव्हा हळदीचा सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. बघणाऱ्याला काही कळत नसे.

शेठशी सौदा झाला, आणि वस्तादांचं लक्ष माझ्या पट्टीकडे गेलं.

"हाताला काय झालंय गं पोरी?"

मी सांगितलं. तर भरल्या पेढीत म्हणतात, "आन हिकडं." परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? मी तशीच उभी. त्यांनी तोच रुमाल झटकला आणि मधे धरला. "आता तरी दे. लाजू नगं, तुझा भाव करत न्हाई मी."

मुनीमजी हसले. मी रागानंच हात रुमालाखाली सरकवला.

मला वाटलं, आता दाबणार, पिरगळणार. त्यांनी काहीच केलं नाही. तळहात नुसता माझ्या हाताखाली धरला.

"खांदा सोड."

"सोडलाय."

"न्हाई सोडलास. माझ्या हाताला वजनच लागंना. ह्यो हात तू वरनं उचलून धरलायस. सोड."

शाळेत सिस्टरांनी पाठीत पट्टी मारून ताठ बसायला शिकवलं होतं मला. मी चुकीची बसेन हे मनातही आलं नव्हतं… पण कसं कोण जाणे, श्वास बाहेर गेला आणि खांदा खाली आला. मग आणखी खाली. माझा सगळा हात त्यांच्या तळहातात पडला… चांगला जड होता. इतके दिवस तो खांदा कानाकडे चढलेला होता आणि मला, त्याच्या मालकिणीला, पत्ताच नव्हता.

कडाकड काही वाजलं नाही. मानेपासून बोटांपर्यंत काहीतरी ऊन ऊन उतरत गेलं. देवळातसुद्धा मी कधी इतकी गप्प झाले नव्हते.

"पैलवान मान आखडून लढाय लागला की हात आदी जातोय," वस्ताद म्हणाले. "मनगाट बोंबलतंय, पर चोर वर खांद्यात हाय. आता कशी बसतीस ते दाव."

मी मशीनपुढे बसले. तोच ते गरजले, "आवं शेठ, ही मशीन माळ्यावर कुणी ठिवली?"

झालं होतं असं… आदल्या वर्षीच्या दसऱ्याला शेठनी टाइपरायटरची पूजा केली आणि टेबलावर चौरंग ठेवून त्यावर तो बसवला. तो तिथेच राहिला. मी वर्षभर वर हात करून टाइप करत होते.

शेठ म्हणाले, "लक्ष्मी आहे ती. बसवलेली लक्ष्मी खाली कशी उतरवू?"

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तू वर चढ."

त्यांनीच रिकामी पोती घडी घालून खुर्चीवर रचली आणि पायाखाली खोकं सरकवलं. मी चढून बसले. कोपर मशीनच्या बरोबरीला आलं.

"मुनीमजींपेक्षा उंच बसणार ही?" शेठना पटेना.

"लक्ष्मी खाली येत नाही, शेठ," मी म्हटलं. "मग मीच तिच्याकडे जाते."

जाताना वस्तादांनी बजावलं, "मधी मधी हात सोडत जा. मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर डाक्टर गाठ, ते माझं काम न्हाई. आन मान मोडून देतो म्हणणारा भेटला तर पळ तितनं."

हात एका रात्रीत बरा झाला नाही. पण पाडव्याच्या आत सगळी पत्रं गेली आणि मिरजेचा मुलगा मिरजेतच राहिला. पाडव्याला शेठनी वह्यांना, मशीनला हळदकुंकू वाहिलं… आणि जरा थांबून माझ्या पोत्यांनाही वाहिलं. मग ती हलवायची कुणाची हिंमत?

भाची मीटिंग संपवून उठली तशी मी तिच्या खुर्चीवर दोन उशा आणि पायाखाली तिचंच कसलंसं खोकं ठेवलं. अपॉइंटमेंटचं तिचं ती बघेल.

हे टाइप करतानाही मी मधेच थांबते आणि हात हवेत सोडते, खाली कुणाचा तरी तळहात असल्यासारखा. वजन उतरतं… आणि वस्ताद, इतक्या वर्षांनीही तुमचा तो रुमाल आठवतो.