डिंपल सुकदेव की डिंपल हितेंद्र

हे मी लिहिणारच नव्हते. टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, परत खोडलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आहे, आपण कोण सांगणारे असं वाटत होतं. पण संघमित्राताईच म्हणाल्या, लिही, माझी चूक झाकू नको फक्त. म्हणून एका दमात लिहितेय. शुद्धलेखन बघू नका.

अमळनेरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत संघमित्राताईंचं ऑनलाईन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो कागद ओढताना नेहमी दोन ओढतो, आणि बाहेर एक बाकडं, त्यावर कायम कोणीतरी बसलेलं. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कॉलेजचा फॉर्म, पॅन कार्ड, सगळं तिथेच. ताईंचे वडील तेलाच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. मग त्या टायपिंग शिकल्या, दुसऱ्याच्या दुकानात बसल्या, आणि नंतर स्वतःचं सेंटर टाकलं.

तेव्हाच त्यांना एक धडा मिळाला. डिग्री वडिलांच्या नावाने, आधार कार्ड नवऱ्याच्या नावाने. सेंटरचा अर्ज परत आला. तुम्ही एकच बाई आहात हे सिद्ध करा म्हणे. आठ महिने त्या सिद्ध करत फिरल्या. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की माणसाचं नाव सगळीकडे एकच पाहिजे. काउंटरच्या वर त्यांनी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून लावलंय, एक व्यक्ती, एक लॉगिन.

आणि लोक तर काय, कोणालाच पासवर्ड लक्षात राहत नाही. 'ताई, तुम्हीच ठेवा ना, आमच्याकडे हरवतो.' मग ताई ठेवायच्या. सगळ्यांचा पासवर्ड जवळजवळ सारखाच, गावाचं नाव आणि पुढे १२३. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याच्या खात्याला सेंटरचाच नंबर. अर्ध्या तालुक्याचं मेल ताई उघडू शकत होत्या, पण वाचत नव्हत्या. उघडायचं, कोड घ्यायचा, बंद करायचं. कोणी गंमतीने विचारलं की ताई, आमच्या पोराला कोणाकोणाचे मेल येतात हो, तर म्हणायच्या, 'पोस्टमन कधी पाकीट फोडतो का?'

मग यावर्षी मार्चमध्ये सेंटरचंच मेल कोणीतरी बाहेरून उघडायला बघितलं. ताई घाबरल्या. त्यांचा भाऊ प्रशील पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवरच ओरडला.

'ताई, तू अख्ख्या गावाच्या किल्ल्या एका खिळ्याला लटकवून ठेवल्यात. पासवर्ड मॅनेजर घे.'

'ते काय असतं?'

'तिजोरी. सगळे पासवर्ड त्यात, आणि तिजोरीचा एक पासवर्ड तुझ्या डोक्यात.'

'आणि मी विसरले तर?'

'मग अमळनेर बंद,' प्रशील म्हणाला.

घेतला एकदाचा. दोन्ही कॉम्प्युटरवरचे आणि मोबाईलमधले सगळे पासवर्ड त्यात गेले आणि मग जो गोंधळ दिसला ना. एकेका माणसाची तीन तीन, चार चार खाती. विसरले की नवीन काढलेलं, परत विसरले की परत नवीन. आणि सगळ्यांसमोर लाल खूण, पासवर्ड कच्चा, पासवर्ड इतर ठिकाणीही वापरलाय. ताईंना स्वस्थ बसवेना. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या हेच करत बसायच्या. जुनी नोंद काढायची, नवी ठेवायची, कच्च्याच्या जागी लांबलचक पासवर्ड टाकायचा.

पुरुषांचं सोपं होतं. बायांचं आलं तेव्हा ताईंनी फार विचारच केला नाही. आपल्याकडे कसं, मुलीचं मधलं नाव वडिलांचं, लग्न झालं की तिथे नवरा येतो. आडनाव तर पुष्कळदा पाटीलचं पाटीलच राहतं. म्हणजे डिंपल सुकदेव पाटील आणि डिंपल हितेंद्र पाटील, माणूस एकच. मग जुनं कोणतं आणि चालू कोणतं? ताईंच्या मते सरळ होतं. लग्नाआधीचं ते जुनं. त्यांनी सगळ्या लग्न झालेल्या मुलींची माहेरच्या नावाची खाती घेतली, पासवर्ड बदलले, सेंटरचा नंबर काढून सासरच्या खात्यावर जो नंबर होता तो टाकला, म्हणजे कधी गरज पडली तर कोड तिच्या घरीच जाईल, आणि नोंद काढून टाकली. एक व्यक्ती, एक लॉगिन. त्या दिवशी त्या इतक्या खुश होत्या की बाकड्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. आपण एवढ्या पोरींचे आठ आठ महिने वाचवले असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आता डिंपल. डिंपल ताईंच्याच गल्लीतली. अकरावीत तिचं पहिलं मेल ताईंनीच काढून दिलं, वडिलांच्या नावाने. ताईंना ती अक्का म्हणते. बारावी सायन्स चांगले मार्क, पण वडील वारले आणि लगेच लग्न, पिंपळनेरला दिलं. नवरा हितेंद्र, त्याची भाजीपाल्याची पिकअप आहे, माणूस तसा शांत. लग्नानंतर तोच तिला सेंटरला घेऊन आला होता, नवीन नावाने खातं काढायला, आणि नंबर त्याचा दिला.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डिंपल माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी येतातच. एक दिवस ती सेंटरला आली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसली. ताईंकडे गर्दी होती. 'अक्का, जुनं मेल बघते जरा,' म्हणाली, 'बघ की' म्हणून ताईंनी मान पण वर केली नाही. त्या दिवशी तिने नर्सिंगचा फॉर्म भरला. जुन्या खात्यावरून, कारण नव्याचा कोड हितेंद्रच्या मोबाईलवर जातो. कोणालाच सांगितलं नाही. ताईंना सुद्धा नाही. ताईंकडे नंबर आहे, पासवर्ड आहे, तिथे काही होणार नाही, एवढाच तिचा हिशोब. आणि ताईंची साफसफाई यानंतरच्या महिन्यातली.

पुढे एका बुधवारी हितेंद्र सेंटरमध्ये आला. एकटाच. बसला, पाणी घेतलं.

'ताई, तुमच्याकडे एक काम होतं,' म्हणाला. 'माझ्या मोबाईलवर कोड येऊन राहिले. कोणीतरी खातं उघडायला बघतंय. डिंपल सुकदेव नावाचं.'

'मग तुमच्याच घरातली आहे ती.'

'माझ्या घरात डिंपल हितेंद्र आहे.' तो हसला, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. 'मला आधी फ्रॉड वाटला. मग घरी विचारलं. ती काही बोलेना, शेजारणीने सांगितलं, तिच्या मोबाईलवरून करत होती. नर्सिंगला नंबर लागलाय का बघायला. मला माहितीच नाही काही. आपल्याच घरात आपल्याला शेजारणीकडून कळतं.'

ताईंच्या हातात माऊस होता, तो तसाच राहिला.

'ती काय म्हणाली?'

'काय म्हणणार. रडली. मोबाईल सध्या माझ्याकडेच आहे तिचा.' मग त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. 'तुम्हीच लिहिलंय ना, एक माणूस एक खातं. ते जुनं बंद करून टाका. नंबर तर माझाच आहे त्याच्यावर.'

तिथे ताईंना कळलं. पासवर्ड आपण बदलला म्हणून तिला उघडलं नाही. नंबर आपण बदलला म्हणून कोड याच्याकडे गेला. तिने काहीच चुकवलं नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा त्या गिऱ्हाईकाशी खोटं बोलल्या. 'सर्व्हर डाऊन आहे भाऊ. आज नाही व्हायचं.'

'कधी होईल?'

'सर्व्हरचं काही सांगता येत नाही.'

तो गेल्यावर त्यांनी पासवर्ड मॅनेजरची कचरापेटी उघडली. काढून टाकलेल्या नोंदी काही दिवस तिथे राहतात, प्रशीलने सांगितलं होतं. डिंपल सुकदेव होती. ती परत आणली, खातं उघडलं, आधी हितेंद्रचा नंबर काढून सेंटरचा टाकला. आणि मग मेल वाचलं. धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजला पहिल्या फेरीत जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. खाली खाते उघडण्याचा प्रयत्न, खाते उघडण्याचा प्रयत्न, असे सूचनांचे मेल एकाखाली एक.

गुरुवारी सकाळी ताईंनी शटर खाली घेतलं. बाकड्यावरचे निंबा आबा म्हणाले, 'काय व पोरी, आज सुट्टी का?' तर म्हणाल्या, 'आबा, एक काम उलटं करून ठेवलंय, सरळ करून येते.' एसटीने धुळे, तिथून साक्री, मग पिंपळनेर. गाडीत त्या काय बोलायचं ते ठरवत होत्या आणि प्रत्येक स्टॉपला बदलत होत्या.

घरी डिंपलची सासू पुष्पाबाई होत्या. हितेंद्र माल घेऊन नाशिकला गेलेला.

'ये माय, बठ,' पुष्पाबाई अहिराणीत म्हणाल्या. 'अमळनेरहून उनी का? इतली लांब?'

डिंपल पाणी घेऊन आली. पेला ठेवला, वर बघितलं नाही, परत आत. ताई मागोमाग मोरीपाशी गेल्या. ती भांडी घासत बसली.

'डिंपल, ते माझ्यामुळे झालं.'

'माहितीये अक्का.'

'काय माहितीये?'

'तुम्ही बंद केलं ते. यांनी तुम्हाला फोन केला असेल, तुम्ही केलं असेल. तुम्हाला पण धंदा करायचाय.' आवाज चढवला नाही तिने. 'मला वाटलं होतं जगात एक जागा आहे, तिथे माझा पासवर्ड आहे.'

ताई म्हणतात, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. पासवर्ड मॅनेजर, लाल खुणा, लग्नाआधीचं ते जुनं असं आपण कसं धरलं, सगळं. डिंपल ऐकत होती, पातेलं तेच तेच घासत होती.

'म्हणजे यांनी सांगितलं नव्हतं?'

'नाही ग. मीच. स्वतःच्या डोक्याने.'

'मग तर जास्तच वाईट आहे,' डिंपल म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडी हसली, रडली पण.

जागा लागलीये हे तिला तेव्हा कळलं. आणि उद्यापर्यंतच आहे हे पण. कागदपत्रं कपाटात होती आणि कपाटाची चावी हितेंद्रच्या खिशात, नाशिकला. तो शुक्रवारी रात्री येणार. ताई पुष्पाबाईंकडे गेल्या. पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या.

'माले कोणी काही सांगं नही,' त्या म्हणाल्या. 'पोरगा सांगस नही, सून सांगस नही. सगळं बठ्ठं त्या फोनमा. मी काय तिले खाई जाती का? आते चावी कोठून आणू?'

ती जागा गेली. ताईंनी खोटा धीर दिला नाही. पण पुढची फेरी आहे, त्यासाठी नाव चालू ठेवायचं असेल तर एक बटण दाबावं लागतं. ताईंनी आपल्या मोबाईलवर पान उघडलं.

'मी आता तुला विचारल्याशिवाय काही दाबणार नाही,' म्हणाल्या. 'दाबू?'

डिंपलने साडीला हात पुसले. बराच वेळ पुसत होती. मग मोबाईल घेतला आणि स्वतः दाबलं. 'यांना मीच सांगेन आज ना उद्या,' म्हणाली. 'पण आधी दाबलं हे बरं.' मग नवीन पासवर्ड तिनेच ठरवला, ताईंना तोंड फिरवायला लावलं, आणि तो आता तिजोरीत नाही, ताईंकडे नाही, कोणाकडेच नाही, तिच्या डोक्यात आहे.

निघताना पुष्पाबाई फाटकापर्यंत आल्या. 'परत ये व,' म्हणाल्या. 'कितला दिवसनी बोलनी ती आज.'

हितेंद्र काय म्हणाला, मला माहीत नाही. डिंपलने त्याला सांगितलं का तेही माहीत नाही. मोबाईल अजून त्याच्याकडेच आहे, ताईंनी फोन केला की तोच उचलतो, नीट बोलतो, 'ती कामात आहे' म्हणतो. दुसऱ्या फेरीची यादी याच आठवड्यात धुळ्याला कॉलेजच्या फलकावर लागेल. ताईंनी ती बघितली तरी डिंपलला सांगणार कसं? मेसेज नाही, मेल नाही, फोन नाही. एकच रस्ता उरलाय, गाडीत बसून जायचं. ताई रविवारी जाणार आहेत, नंबर लागला असेल तरी आणि नसला तरी.

मला एवढंच म्हणायचंय. तुमच्या वर्गात होती, गल्लीत होती अशी कोणीतरी असेलच. लग्न झालं, नंबर बदलला, स्टेटस लावणं बंद झालं, आणि फोन केला की दुसरंच कोणी उचलतं. ती सुखात असेल, खरंच असेल. पण तिच्या तोंडून ऐकलंय का तुम्ही? फोन करू नका. या रविवारी गाडीत बसा आणि जाऊन भेटा तिला.