चैत्रगौरीचं बोलावणं

आमच्या जबलपूरच्या मराठी बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. सकाळी उठल्यापासून त्यावर फुलं, देव आणि गुडघेदुखीचे उपाय येत असतात. चैत्र लागला की हळदीकुंकवाची आमंत्रणंही त्याच्यावरच येतात, आणि त्याचा मला मनस्वी राग आहे. हळदीकुंकवाचं बोलावणं असं फोनवर करतात का? माझी आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारोदार जायची. बाईच्या कपाळाला कुंकू लावायची आणि मगच म्हणायची, ‘उद्या संध्याकाळी आमच्याकडे या.’ कुंकू लावलं नाही तर बोलावणं झालंच नाही, असा तिचा कायदा होता, आणि पुढे तो माझाही झाला.

या वर्षी मात्र ग्रुपवर एकही आमंत्रण आलं नाही. मला वाटलं, चला, बायका सुधारल्या. दहा दिवसांनी कळलं की त्यांनी हळदीकुंकवासाठी वेगळा ग्रुप केला होता. त्यात सगळ्या होत्या, फक्त मी नव्हते.

आमच्या ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर ह्यांना अधारतालच्या घरापुढे मोगरा लावायचा होता. तो लावला आणि पहिला बहर यायच्या आत गेले. तेव्हा मी रडायचं ते रडले. पण त्या ग्रुपचं कळलं त्या दुपारी मी रडले नाही, मी चिडले. घरातल्या घरात तीन वेळा भांडी घासली. मग गौर काढली, पाळण्यात बसवली आणि गौरीलाच सांगितलं, शुक्रवारी हळदीकुंकू करायचं. बोलावणं मी स्वतः करणार, जुन्या शहरात पायी जाऊन, आईसारखं. माझ्या हातचं कुंकू कोण लावून घेतं आणि कोण नाही, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच निघाले, कारण नऊनंतर आमच्याकडचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. ई-रिक्षानं कमानिया गेटपाशी सोडलं. ‘दीदी, आगे तक छोड़ दूँ क्या?’ रिक्षावाल्यानं विचारलं. म्हटलं, नाही रे भैया, चालायचंय मला.

खरं सांगू? हळूहळू चालण्यात चालण्याची हौस अर्धीच होती, उरलेली अर्धी भीती होती. म्हणून मी प्रत्येक दुकानापाशी थांबत होते. खव्याच्या जिलबीवाल्यानं नुकतीच कढई चढवली होती, खव्याचे गोळे मळून ठेवले होते. तिथे उगाच उभी राहिले. लहानपणी बोलावणं संपलं की आई मला इथे दोन जिलब्या घेऊन द्यायची, आणि दोन्ही मलाच. स्वतः कधी खाल्ली नाही. ‘मला गोड सोसत नाही’ म्हणायची. पुढे मी आई झाले तेव्हा मलाही गोड सोसेनासं झालं, तेव्हा कुठे तिची थाप कळली.

फुहाऱ्यापाशी, म्हणजे जुन्या कारंज्याच्या चौकात, कूलरवाले फूटपाथवर बसले होते. जुन्या जाळ्यांतला सडका वाळा उपटून नवा भरत होते. सगळा रस्ता त्या ओल्या वाळ्याच्या वासानं गार झाल्यासारखा वाटत होता, आणि मी चक्क डोळे मिटून उभी होते. एका हातगाडीवर फालसे होते, एका गाडीवर बेलाचं सरबत. कैऱ्यांच्या ढिगापाशी थांबून मी डाळीसाठी दोन किलो कैऱ्या घेतल्या. आंबट आहेत का, म्हणून विचारलं तर बाई म्हणाली, ‘खाके देखो, दाँत खट्टे ना हों तो पैसे मत देना.’ अशी जीभ चालवणारी बाई मला फार आवडते. नर्मदे हर म्हटलं आणि पिशवी खांद्याला लावली.

सराफ्याच्या मागची गल्ली अजून तेवढीच अरुंद आहे, फक्त आता वर तारांचं जाळं झालंय आणि खाली दोन्ही बाजूंना मोटरसायकली. आईच्या बोलावण्याचा रस्ता ठरलेला असायचा. उजव्या हाताची घरं जाताना, डाव्या हाताची येताना. मधेच एखादं घर सोडून पुढे गेलं तर त्या बाईला वाटेल आपल्याला मुद्दाम मागे ठेवलं. उजवीकडे आधी एका वकिलांचं घर होतं, तिथे आता मोबाईलची काच बदलून मिळते. त्यापुढे दोन घरं बंद, मुलं पुण्याला. माझ्या लहानपणी या एका गल्लीत अकरा मराठी चुली होत्या. आता तीन. मन एकदम भरून आलं. रस्त्यात कुणी पाहत नव्हतं, म्हणून पदरानं डोळे पुसून घेतले.

पहिलं घर माझ्या शाळूसोबतिणीचं. दोघी एकाच बाकावर बसलो, एकाच वर्षी लग्न झालं. नवा ग्रुप हिनंच काढला होता. मला दारात बघून तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

‘अगंबाई! इतक्या सकाळी? ये ना, बस. काहून उन्हातान्हात येऊन राहिली तू?’

‘शुक्रवारी माझ्याकडे गौरीचं हळदीकुंकू आहे. बोलवायला आले.’

ती सोफ्याच्या कडेवर बसली. सुनेला पन्हं आणायला सांगितलं, पंखा वाढवला, पायपुसणं सरळ केलं. मग म्हणाली, ‘हे बघ, तू मनावर घेऊ नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही तुला त्या ग्रुपमध्ये नाही घेतलं.’

‘मला काय वाटेल ते मला विचारायचं होतंस. नंबर आहे ना माझा?’

मी पर्समधून कोयरी काढली, झाकण उघडलं, बोट कुंकवात बुडवलं. तिनं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, सुनेच्या पायांचा आवाज येत होता. मग हसत हसत माझ्या हातातून कोयरीच घेतली. ‘दे गं, मीच लावते. तुझा हात थरथरतो, डोळ्यात जाईल.’ आणि स्वतःच स्वतःला टिकली एवढं लावून घेतलं.

माझा हात मुळीच थरथरत नव्हता. माझं बोट तसंच लाल राहिलं, ते मी रुमालाला पुसलं. पन्हं प्यायले. चांगलं झालं होतं, वेलदोडा सढळ हातानं घातलेला. ‘येशील ना?’ विचारलं तर म्हणाली, ‘बघते, जमलं तर.’ जिना उतरताना मला इतका संताप आला होता की खालच्या गाईला उगाच हाड् म्हणाले. बिचारी उठलीसुद्धा नाही.

दुसऱ्या घरी सासू मुलीकडे गेलेली, एकटी सून होती. कुर्ता, ओले केस, एका हातात मोबाईल. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. मी म्हटलं, बोलवायला आलेय, हळदीकुंकू आहे. ‘अच्छा अच्छा, आंटी, जल्दी लगा दीजिए, दूध चढ़ा है!’ असं म्हणून तिनं कपाळ पुढे केलं. मी लावलं. ती धावत आत गेली आणि आतून ओरडली, ‘डाळ मिळणार ना आंटी?’ शेवटचं वाक्य मराठीत. मी रस्त्यात आल्यावर एकटीच हसले. तिच्या मनात काही आलंच नव्हतं. आणि काय सांगू, इतक्या दिवसांत मला प्रथमच हलकं वाटलं.

तशीच रमतगमत हनुमानतालपर्यंत आले. तलावाच्या पायऱ्यांवर म्हातारे पेपर वाचत होते, घंटा वाजत होत्या, पाणी हिरवं. खरं तर परत फिरायला हवं होतं, तिसरं मराठी घर येतानाच्या वाटेवर होतं. पण तलावासमोरच्या बोळात पाय आपोआप वळले. तिथे एक दुमजली घर आहे. खालच्या मजल्यावर एक मराठी बिऱ्हाड होतं, वर आमच्या बाई राहायच्या. मला पहिलीत त्यांनी शिकवलं. तेव्हा त्या पंचविशीच्या असतील, आणि विधवा होत्या.

मी सात वर्षांची असताना आईला ताप आला होता, म्हणून तिनं या बोळात मला एकटीला कोयरी देऊन पाठवलं. खालच्या काकूंना लावलं. मग वर बाई राहतात, त्यांना नाही का बोलवायचं, म्हणून मी जिना चढले. बाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या कपाळावर हे एवढं कुंकू लावलं, नाकावर सांडेपर्यंत, आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. बाई हसल्या. मला गच्च जवळ घेतलं आणि खूप वेळ सोडलंच नाही. मग म्हणाल्या, ‘घरी सांगू नकोस हं.’

मी अर्थातच घरी सांगितलं. आईनं मारलं नाही. अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, ‘त्यांना वाईट वाटतं गं. म्हणून आपण त्यांना बोलवत नाही.’ दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या, बाई आल्या नाहीत. मला वाटलं, खरंच वाईट वाटलं असेल. नंतर माझं लग्न गावातच झालं, मी स्वतःची गौर बसवू लागले. तीसएक वर्षं दर चैत्रात या बोळात येऊन मी खालच्या काकूंना कुंकू लावत होते. वर कधी गेले नाही. बाईंना वाईट वाटू नये म्हणून.

आज मात्र चढले. का? खरं कारण सांगते. मला माझं गाऱ्हाणं ऐकवायला कुणीतरी हवं होतं, आणि हे गाऱ्हाणं समजेल असं दुसरं माणूस मला सुचलं नाही.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या, पाय सुजलेले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, ‘खालचे गेले गं, नागपूरला. जागा रिकामी आहे. कोणाला बोलवून राहिली?’

‘तुम्हालाच,’ म्हटलं. आणि मग जे सुटले ते थांबलेच नाही. ग्रुप, मैत्रीण, हातातून ओढून घेतलेली कोयरी, सगळं सांगितलं. ‘पन्नास वर्षांची मैत्री बाई, आणि म्हणे तुला वाईट वाटेल! काय समजतात काय स्वतःला?’

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी दमून गप्प झाले तेव्हा म्हणाल्या, ‘तुझा आवाज लहानपणापासून मोठा. खाली आलीस की मला वर ऐकू यायचं. मला माहीत असायचं, आज बोलावणं आहे. पहिली काही वर्षं मी तोंड धुऊन, नीट पातळ नेसून बसायची. लहानपणी चढून आली होतीस, तशी आता येशील म्हणून.’

रागानं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शाळेत हजेरी घ्यायच्या तशा साध्या आवाजात बोलत होत्या. मी खाली मान घालून बसले. माझ्या मैत्रिणीनं मला एक चैत्र वगळलं तर मी अख्खं शहर पालथं घालायला निघाले होते. इथे मी एका बाईला तीस चैत्र वगळलं होतं, आणि स्वतःला चांगली समजत होते. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

‘बाई, लावू?’ मी कोयरी काढून विचारलं.

‘लाव की. त्यासाठीच तर आलीस ना.’

आता मात्र माझा हात खरंच थरथरला. त्यांनीच माझं मनगट धरून सरळ केलं, पाटीवर अक्षर गिरवताना धरायच्या तसं. मग माझ्याही कपाळाला लावलं.

‘शुक्रवारी या हं बाई,’ मी म्हटलं. ‘मी गाडी पाठवते.’

त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. ‘हा जिना उतरून मला दोन वर्षं झाली गं. आता कशी येऊ? तेव्हा आले असते. धावत आले असते.’

परतताना तिसरं घर केलं, पुढे उरलेल्या बायकांकडेही फिरले. शुक्रवारी माझ्याकडे बऱ्याच जणी आल्या. माझी मैत्रीणसुद्धा आली आणि निघताना तिनं मुकाट्यानं कपाळ पुढे केलं. मी लावलं, तिला एक शब्द बोलले नाही. तिला बोलायचं तोंड मला राहिलंच नव्हतं.